बिनबोलावलेला स्वागताध्यक्ष

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पहिल्यात माझा जन्म झाला आणि नोकरी संपली, दुसऱ्यात माझी सासुरवाडी आहे आणि तिसऱ्यात, देवगड तालुक्यातल्या वडिलोपार्जित घरात, मी निवृत्तीनंतर राहायला आलो. पायगुण इतक्या सरकारी आकड्यांनी सिद्ध झालेला माणूस विरळाच. तेव्हा गावाची लोकसंख्या वाढवायला आता आपणच हातभार लावला पाहिजे, असं मी एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं. सौ.ने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बाहेरची माणसं गावात रुजवून," असा खुलासा मी घाईघाईने केला. तिने चष्मा परत लावला.

बाहेरची माणसं आणायचीही गरज नव्हती. ती आलेलीच होती आणि माझ्या कितीतरी आधी आली होती. देवगड-रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागा आज ज्यांच्या जिवावर उभ्या आहेत ते बरेचसे नेपाळी. दिवाळीच्या सुमाराला ते येतात, मोहोर आला की फवारणी करतात, रात्री राखण करतात, वानरं हाकलतात, मार्चपासून झेला घेऊन झाडावर चढतात, पेट्या भरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. बंदरात गेलात तर ट्रॉलरवर जाळी ओढणारे खलाशीही नेपाळीच भेटतील. गावातली पोरं मुंबईला गेली, त्यांच्या मागे जी जागा मोकळी झाली तिथे सुदूर पश्चिम नेपाळच्या अछाम, डोटी, कैलालीतली पोरं आली. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे पेढे आमच्याकडे वाटले गेले. आंबा उतरवणाऱ्याचा भूगोल मात्र कुणी विचारला नाही.

माझ्या डोक्यात हे खूळ भरवलं ते पुतण्याने. तो कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात आल्टोना नावाच्या गावात असतो. गाव चार हजारांच्या आसपास, सगळीकडे सपाट शेती, आणि अभिमानाची खूण म्हणजे व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची पाऊणशे फूट उंच घोडीवर चढवलेली प्रतिकृती. तिथलीही गावं ओस पडत चालली आहेत. म्हणून कॅनडा सरकारने २०१९ साली अकरा छोट्या ठिकाणांसाठी एक योजना सुरू केली. परदेशी माणसाला तिथे कायमचं राहायचं असेल तर नोकरी हवीच होती, शिवाय त्या गावाने 'हा माणूस आम्हाला पाहिजे' अशी शिफारसही करायला हवी होती. आल्टोना आणि त्याच्या आसपासचा भाग त्या अकरांत होता. पुतण्या सांगत होता, "काका, पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजी थंडीचे कोट घेऊन आल्या. एकाने बँकेत नेलं, एकाने शाळेत नेलं."

गावाने परक्या माणसाची शिफारस करावी! आमच्या गावात भाऊ भावाची शिफारस करत नाही. मी फोन ठेवला तेव्हा माझी स्वतःच्या मनाने स्वागताध्यक्षपदी नेमणूक झालेली होती. कार्यकारिणीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

लाभार्थी म्हणून मी आमच्या घरामागच्या बागेतलं कुटुंब निवडलं. नवरा, बायको, आठेक वर्षांची मुलगी आणि एक रांगता मुलगा. नावं इथे देत नाही. गाव त्याला 'बहादूर' म्हणतं. ते त्याचं नाव नाही, आणि शेजारच्या बागेतल्या माणसालाही गाव बहादूरच म्हणतं. मी मात्र आधी वाचून-बिचून तयारी केली होती, म्हणून पहिल्याच दिवशी 'दाजू' आणि 'दिदी' अशी साद घातली. दाजूने आदराने मान झुकवली. दिदीने विचारलं, "काका, काय हरवला काय तुमचा?"

मालवणीत. माझ्यापेक्षा बऱ्या मालवणीत.

पण मी पुतण्याच्या आजीबाईंना डोळ्यांसमोर ठेवून कामाला लागलो होतो. मुंबईच्या मित्रांना, जुन्या सहकाऱ्यांना फोन केले आणि दोन पोती भरून स्वेटर, कानटोप्या, एक रजई आणि माझा स्वतःचा बँकेतला निळा ब्लेझर असा ऐवज एसटीच्या टपावरून आणवला. देवगडला नोव्हेंबरात दुपारी माणूस बनियन काढून बसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कोट दिल्याशिवाय स्वागत होत नाही अशी माझी समजूत झाली होती. दाजूने दोन्ही हात जोडून पोती घेतली. स्वेटर त्याने गावाकडे न्यायला बांधून ठेवले. तिथे खरंच थंडी पडते, त्यामुळे तेवढा भाग वाया गेला नाही. ब्लेझर वानरांसाठी कामाला आला. बागेच्या वरच्या अंगाला एका बुजगावण्याला तो चढवला गेला आणि इतका फिट बसला की पोस्टमन रोज खालून जाताना "काय काका, आज ऊन कडक आसा," असं त्याला म्हणून जाऊ लागला. बुजगावणं उत्तर देत नाही याचा राग त्याने माझ्यावर काढला. माझं पेन्शनचं पत्र आठवडाभर उशिरा आलं.

मग भाषा. परक्या माणसाला गावात मिसळायचं तर स्थानिक भाषा पाहिजे, हे सगळ्या योजनांत पहिलं कलम असतं. मी बालभारतीचं पहिलीचं पुस्तक, पाटी आणि खडू घेऊन संध्याकाळी बागेत गेलो. दाजू वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच बसलेला असायचा. ही शिस्त पाहून मी भारावून गेलो होतो. पुढे कळलं की त्याचं घड्याळ अजून नेपाळच्या वेळेवर आहे आणि ती आपल्यापेक्षा पाव तास पुढे असते. मी पाटीवर लिहिलं, 'मला पाणी हवे आहे.' दिदी चुलीजवळून म्हणाली, "काका, असा बोलल्यार हय कोण पाणी देवचा नाय. 'माका पानी होया' म्हणा." मी 'कुठे' लिहिलं, तिने 'खंय' सांगितलं. मी 'का' लिहिलं, तिने 'कित्याक'. दादरच्या शाळेत मराठीत पहिला आलेला मी, दोन-तीन संध्याकाळींत तिसऱ्या बाकावर जाऊन पोचलो. गावात त्याचा परिणाम बरा झाला हे सांगायला हवं. तोपर्यंत वाण्याच्या दुकानात मी काही मागितलं की म्हातारे एकमेकांना विचारायचे, "ह्यो काय बोलता रे?" आता साखर पहिल्या झटक्यात मिळायला लागली.

शाळेचं प्रकरण मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तिथे माझ्या हातून लेखी पुरावा तयार झाला.

आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. पटावर अकरा मुलं आणि त्यांतली चार नेपाळी. ही चार गेली की शाळेचं काय होईल हे गणित बँकेच्या माणसाला सांगावं लागत नाही. दाजूची मुलगी शाळेत जाते का, असं मी दाजूला विचारायला हवं होतं. मी थेट तिचा जन्मदाखला मागितला. तो नेपाळच्या गावपालिकेचा, देवनागरीत होता, त्यामुळे मला फारच आत्मविश्वास आला. जन्मसाल लिहिलं होतं २०७३, महिना वैशाख.

एखादा सामान्य माणूस म्हणाला असता की मुलगी अजून जन्माला यायची आहे. पण मी कालनिर्णय पाठीमागच्या पानापर्यंत वाचणारा. मला माहीत होतं की ही दुसरी कालगणना आहे आणि तिच्यातून इसवी सन काढायचा असतो. शके आणि इसवी सनात ७८चा फरक, हे लहानपणी पाठ केलेलं. २०७३ वजा ७८. आले १९९५. हे मी स्वच्छ अक्षरात अर्जात भरलं, खाली 'माहिती खरी असल्याबद्दल' अशी सही केली आणि रुबाबात शाळेत नेऊन दिलं.

बाईंनी अर्ज वाचला. बाई नव्या, शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या, वय सव्वीसच्या घरात.

"काका, ही माझ्यापेक्षा मोठी आहे."

"कोण?"

"तिसरीत बसणारी."

विक्रम संवत आणि शालिवाहन शक यांतला घोटाळा मग बाईंनीच सोडवला. शके आपल्या सनाच्या मागे चालतं, विक्रम संवत पुढे. ५७ वजा केले की वैशाख २०७३ म्हणजे २०१६चा एप्रिल. म्हणजे मी चुकीचा आकडा चुकीच्या संवतातून वजा केला होता. माझ्या हाताखालून पस्तीस वर्षं लोकांची व्याजं गेली, या विचाराने मला घाम फुटला.

"आणि दुसरं म्हणजे," बाई अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "ती दिवाळीनंतर पहिल्याच सोमवारी येऊन बसली आहे वर्गात. तिची आई घेऊन आली होती. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. ती बघा."

खिडकीतून मुलगी मला हात करत होती. तिच्या शेजारी माझं पहिलीचं पुस्तक उघडं होतं. ती पहिलीतल्या एकीला त्यातून शिकवत होती.

अडचण वेगळीच होती, आणि ती बाईंनी सांगितल्यावर मला कळली. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संच मान्यतेत ठरतं, आणि गेली काही वर्षं मुलं मोजताना आधारची पडताळणी झाली आहे का ते पाहतात. वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेल्या माणसाला आधार मिळू शकतं, नेपाळच्या नागरिकालाही. दिवाळी ते मे म्हणजे तेवढे दिवस सहज भरतात. पण त्यासाठी लागणारे बाकीचे कागद अछामच्या डोंगरात पेटीत आणि माणसं देवगडच्या बागेत. म्हणजे वर्गात अकरा मुलं दिसतात आणि संगणकावर सात. याहून मोठी गोष्ट: जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ही मुलं गावी गेलेली असतात. दसरा-दिवाळी करून परत येईपर्यंत निम्मं पुस्तक संपलेलं असतं. दरवर्षी. "ती पावसात इथे राहिली तर सगळं सुटेल," बाई म्हणाल्या. "का राहत नाहीत, ते विचारा ना तुम्ही."

विचारा! स्वागताध्यक्षाने विचारायचं? मी त्याऐवजी जाहीर सत्कार ठरवला.

मुहूर्त नेपाळी नववर्षाचा. त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. या वेळी मी संवत दोनदा तपासला होता, त्यामुळे तारखेत चूक नव्हती. चूक हंगामात होती. एप्रिलच्या मध्याला देवगडात आंब्याची काढणी ऐन भरात असते. त्या दिवसांत बागायतदार स्वतःच्या मुलीचं लग्न पुढे ढकलतात. पहाटे झाडावर चढायचं, ऊन चढायच्या आत आंबा खाली, मग देठ, चीक, प्रतवारी, पेट्या, आणि संध्याकाळी गाडी वाशीला. अशा दिवशी सकाळी नऊ वाजता मी देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या.

फलक मोठा केला होता: 'नेपाळी बांधवांचे आपल्या गावात हार्दिक स्वागत'. सरपंच तो वाचून म्हणाले, "काका, ह्यो माणूस हय पंधरा वर्सा येता. तुमी इलास कधी?" शिवाय फलकावर मी हौसेने नेपाळचा झेंडा छापायला दिला होता. जगात चौकोनी नसलेला असा राष्ट्रध्वज तो एकच, दोन त्रिकोण एकावर एक. फ्लेक्सवाल्याला ती संगणकाची चूक वाटली. त्याने प्रामाणिकपणे दोन्ही त्रिकोण ओढून ताणून आयत करून दिला, आणि वर म्हणाला, "कोपरो फाटलेलो हुतो, भरून काढलंय."

सत्काराला सत्कारमूर्ती सोडून सगळे होते. म्हणजे मी, सरपंच, गुरव आणि खुर्च्यांवाला. साडेनऊला बागायतदार आला. मला वाटलं, चला, एक तरी मान्यवर. तो मान्यवर आधी माझ्यावर उखडला, कारण माझ्या निरोपावरून त्याची दोन माणसं अर्धं झाड सोडून कपडे बदलायला गेली होती. त्याने माझ्याविषयी जे उद्गार काढले त्यांना मालवणीत फारसं वाईट समजत नाहीत, पण सौ.समोर त्यांचा अर्थ सांगायचं मी टाळलं. शेवटी चार नारळ आणि चार शाली घेऊन मीच बागेत गेलो. दाजू वीस फुटांवर होता. "काका, खाली ठेवा," तो वरून म्हणाला, आणि झेल्यात आलेले दोन आंबे माझ्याच ओंजळीत सोडले. अशा रीतीने सत्कार माझा झाला.

त्या रात्री दिदी घरी आली. डझनभर आंबे घेऊन आली होती, डागी असले तरी चवीचे. ओटीवर बसली, सौ.शी गप्पा मारल्या, आणि उठताना म्हणाली, "काका, तुमी रागावतलास नाय तर एक सांगू?"

"सांग की."

"तुमी आमका काय होया ता कधी इचारलासच नाय."

मी विचारलं. ते तिने एका वाक्यात सांगितलं. "पावसात ऱ्हवाक घर होया."

बागेतली त्यांची खोप म्हणजे चार बांबू, झापं आणि वर निळी ताडपत्री. दिवाळी ते मे ठीक चालतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. त्यात रांगतं मूल घेऊन कोण राहील? पावसातही बागेत काम असतं, खतं, आळी, छाटणी, बेणणी. मालक पगार द्यायला तयार होता. मुलीची शाळा सुटली नसती. सगळं अडलं होतं एका छपरावर. आणि मी तिला कानटोप्या दिल्या होत्या.

घराची गावात टंचाई असती तर गोष्ट वेगळी. आमच्या वाडीत चालत गेलात तर दर दोन घरांमागे एकाला कुलूप. अंगणात गुडघाभर रान, दारावर मागल्या गणपतीचं वाळलेलं तोरण. माणसं मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. आमच्याच घराचं उदाहरण घ्या. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, दोन्ही अंगांना पडव्या. मी राहतो तेवढा एक भाग उघडा, टोकाच्या खोलीत विधवा काकी, बाकी सगळं बंद. पण ग्रामपंचायतीच्या असेसमेंटच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे आणि त्यांच्या वारसांना एकत्र बसवायचं तर देवळाचा सभामंडप पुरणार नाही.

तरी मी हिंमत केली. घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, जिथे एरवी फक्त सुप्रभात आणि श्रद्धांजली येते, तिथे मी सविस्तर प्रस्ताव टाकला: दक्षिणेकडची पडवी आणि तिच्यालगतची खोली दाजूच्या कुटुंबाला भाड्याने द्यावी. दुपारपर्यंत शांतता. मग डोंबिवलीच्या चुलतभावाने दोनच शब्द लिहिले: "कुळं लागतील."

कोकणातल्या जमीनवाल्या घराण्यांत या दोन शब्दांनी अजून अंगावर काटा येतो. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी आमच्या आजोबांच्या पिढीची जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली. माझ्या मते योग्यच झालं, पण हे मत मी गटावर कधी टाकत नाही. तो कायदा शेतजमिनीचा होता, पडवीचा नव्हता, हे मी समजावलं. घर भाड्याने द्यायचं तर लेखी नोंदणीकृत करार करता येतो, मुदत संपली की जागा सोडावी लागते. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला असल्या गोष्टी लिहिण्याचा अनावर उत्साह येतो. मी कराराचा मसुदाच टाकला. चौदा पानं. त्यात 'उभयपक्षी' हा शब्द इतक्या वेळा होता की ठाण्याच्या वहिनींनी विचारलं, हा कोण?

मग शंका सुरू झाल्या. गणपतीला आम्ही येणार तेव्हा झोपायचं कुठे? त्यांचं सोवळंओवळं काय? ते नेपाळचे, उद्या चीनचे निघाले तर? पोलिसांना कळवायचं का? (कळवायचंच असतं, आणि त्यांची माहिती बागायतदाराने ठाण्यात केव्हाच दिलेली होती.) दुसऱ्या एका पुतण्याने, ज्याने स्वतः तीन वर्षं कॅनडाच्या कागदांसाठी नवस बोलले होते, विचारलं की बाहेरच्या लोकांना आपण गावात का घ्यायचं. मी त्याला व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचा फोटो पाठवला. त्याला तो सुप्रभातचा वाटला. त्याने हात जोडले.

मे संपत आला. मी पंधराव्या पानावर होतो. त्यात गणपतीच्या दिवसांसाठी विशेष तरतूद होती. आभाळ भरून आलं आणि पहिली वळवाची सर झाली त्या रात्री मला दक्षिणेकडच्या पडवीत दिवा दिसला. चोर समजून मी काठी घेऊन धावलो. पडवीत दाजू कौलं वर-खाली करून गळती शोधत होता, दिदी केर काढत होती, रांगता मुलगा काकीच्या मांडीवर.

"काकी, ह्यांना किल्ली कुणी दिली?"

"मिया," काकी म्हणाली. "मागल्या म्हयन्यात दिलंय."

"मागल्या महिन्यात? मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस खंय? तू लिवत हुतंस." मग जरा वेळाने, "माका रात्रीची सोबत होयी हुती. घराक माणूस होया. तुमचा मेल्यांचा काय, गणपतीक येतास, मोदक खातास नि जातास."

काकी वयाने सगळ्यांत मोठी. घराण्यात तिच्या विरोधात बोलायची पद्धत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती नाही. प्रश्न मिटला. नंतर तालुक्याला जाऊन रीतसर अकरा महिन्यांचा करार झाला, तो सरपंचांच्या ओळखीच्या मुद्रांक विक्रेत्याने दोन पानांत उरकला. माझी पानं काकीने लोणच्याच्या बरणीखाली घातली.

ते कुटुंब त्या पावसात इथेच राहिलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलगी पहिल्या दिवशी वर्गात होती, आणि पडवीत रात्री नाचणीचं पीठ घोटून ढिंडो शिजायला लागला. माझ्या नाचणीच्या भाकरीला नावं ठेवणारी सौ. आता तो वाटी घेऊन मागून आणते.

गणपतीला सगळे आले. आदल्या दिवशी हरतालिका. मी ओटीवर चटई अंथरून दिदीला आपल्या या व्रताचं महत्त्व सांगायला बसलो. पार्वतीचं तप, निर्जळी उपास, वाळूचं लिंग. ती लाल साडी नेसून शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "काका, माझो पण निर्जळीच आसा." त्यांच्याकडची तीज हीच, याच तिथीला. आमच्या बायका फुगड्या घालून अकराला दमल्या. ती आणि बंदरावरून आलेल्या तिघी पहाटेपर्यंत नाचत होत्या आणि काकी टाळी देत होती.

डोंबिवलीचा चुलतभाऊ कुळं शोधायलाच आला होता. त्याने घरभर फिरून पाहिलं. त्या वर्षी पहिल्यांदाच गणपतीच्या माटवीवर पाणी ठिबकत नव्हतं, वाळवीची रेघ नव्हती, विहिरीचा पंप चालू होता आणि वरच्या अंगाचं कुंपण उभं होतं. जाताना त्याने आपल्या भागाची किल्ली दिदीकडे दिली. माझ्याकडे नाही. कूळ कायद्याचे निरोप मात्र तो गटावर अजून टाकतो, सवय आहे.

तर मुंबई-ठाण्याच्या वाचकांनो, गावात तुमचं घर कुलपात असेल तर मेच्या आत कौलं परतून घ्या आणि जूनच्या आधी ते कुणाला तरी राहायला द्या. बागेत, बंदरात, बांधकामावर छप्पर शोधणारं एखादं कुटुंब तुमच्या वाडीत नक्की आहे. त्यांना काय हवं ते आधी विचारा. करार करा, नोंदणी करा, पोलीस ठाण्यात कळवा. आणि मसुदा हवा म्हणून मला फोन करू नका, दोन पानांत काम होतं.